खुलासा: जुना दिवा गॅसचा की विजेचा?
‘अमेरिकेतल्या जुन्या पितळी दिव्याची काच वर तोंड करून असेल तर तो गॅसचा, खाली असेल तर विजेचा,’ असा मेसेज फिरतोय. ही खूण पुरेशी नाही. त्या काळच्या उत्पादकांचे कॅटलॉग पाहा: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाली तोंडाचे गॅस मँटलही (ज्योतीने तापून उजळणारी जाळी) निघाले, आणि विजेचे कित्येक दिवे गॅसच्या धर्तीवर वर तोंड करून बनत. काही झुंबरांत तर दोन्ही सोयी होत्या. कारण त्या काळी विजेचा भरवसा नव्हता.

आधी काच धरणारं कडं मोजा. उघड्या ज्योतीला हवा लागते, म्हणून गॅसच्या शेडचं बूड रुंद, बहुधा ४ इंच. बल्बला ती गरज नाही. तिथे बहुतेक सव्वादोन इंच. नळीवर गॅसची चावी आहे का, तेही बघा. अर्धवट खुणेवरून कुणी अस्सल दिव्याची मोडतोड करू नये, म्हणून कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.