बाळंतपणावरच्या त्या मेसेजला एका नर्सचं उत्तर

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक लांबलचक मेसेज आला. दोन दिवसांत तोच मावसबहिणीने पाठवला, रामबागेतल्या शेजारणीने पाठवला, आणि काल भाचीचा फोन आला की तिच्या सासूबाईंनी तो वहीत उतरवून घेतलाय. भाचीचे दिवस भरत आलेत. म्हणून लिहायला बसले.

मेसेजचं म्हणणं असं: पूर्वी आजी आणि सुईण मिळून सव्वा महिन्यात बाळ-बाळंतीण ठणठणीत करायच्या. आता हॉस्पिटलात बाळाला आंघोळ घालत नाहीत, छातीत साचलेलं शिळं पिवळं दूध पाजायला लावतात, मध-गुटी बंद करतात. कावीळ उन्हाने जात असताना दिव्याखाली ठेवून बिल वाढवतात आणि बाळंतिणीला पाणी पाजपाजून तिचं पोट सुटू देतात. पूर्वी हे काही नव्हतं, तरी सगळी मुलं जगत होती. आणि शेवटची ओळ, "नर्सला काय कळतं, तिचं काम सुई टोचायचं."

मी इंदुरात ३१ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. शेवटच्या ओळीकडे नंतर येते.

आधी आंघोळ. मेसेज म्हणतो, हा नर्सचा आळस. बाळ जन्मतं तेव्हा ओलं असतं, आणि अंगावरचं पाणी सुकताना अंगातली ऊब घेऊन जातं. म्हणून आमचं पहिलं काम पुसण्याचं. कोरड्या सुती कापडाने आधी डोकं आणि पाठ, ओलं कापड लगेच बाजूला, मग दुसरं कोरडं. डोक्याला टोपडं, आणि उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून दोघांवर पांघरूण. निदान तासभर तिथेच. अंगावरचा पांढरा, लोण्यासारखा थर आम्ही मुद्दाम घासून काढत नाही, कारण तो कातडीला सांभाळतो. पहिली आंघोळ किमान २४ तासांनी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो. अशाच एका पहाटे वॉर्डातल्या एका आजींनी आमची नजर चुकवून नातवाला न्हाऊ घातलं. तासाभराने मी फेरीवर गेले तर म्हणाल्या, "सिस्टर, फार गुणी आहे हो, रडतच नाही." मी हाताची पालथी बाजू बाळाच्या तळपायाला लावली, मग पोटाला. तळपाय गार आणि पोटही गार. काखेत थर्मामीटर धरला तर ३५ अंश. साडेछत्तीस ते साडेसदतीस हवं. बाळाला उघडं करून आईच्या छातीशी बांधलं, टोपडं घातलं, त्याचा रंग आणि श्वास बघत बसले. दोन तासांनी ते रडलं आणि दूध ओढायला लागलं. आजींना मी रागावले नाही, त्यांचा हात धरून बाळाच्या पायाला लावला. पाय गार आणि पोट गरम असेल तर बाळाला थंडी लागतेय, दोन्ही गार असेल तर ते संकटात आहे. गारठलेलं बाळ रडत नाही, गप्प पडतं. एवढं प्रत्येक आजीला माहीत असायला हवं.

आता चीक. पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळसर घट्ट दूध "नऊ महिने साचलेलं, जड" म्हणून पिळून टाकायचं आणि तोवर मधाचं बोट चाटवायचं, असं मेसेज सांगतो. गाय व्याली की आपण तिच्या चिकाचा खरवस करतो, शेजारी वाटतो. वासराला चीक मिळाला नाही तर ते टिकत नाही, हे कुठलाही गुराखी सांगेल. आपल्याच बाळाच्या वाटचा चीक मात्र टाकायचा? त्यात रोगांशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात. तो चमचा-चमचाच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतंच तेवढं. "दूधच येत नाहीये" हे वाक्य मी हजारो वेळा ऐकलंय. त्यातल्या बहुतेकींना दूध येत होतं, फक्त बाळ नीट लागत नव्हतं.

ते कसं लावायचं, हे रात्री दोन वाजता तिच्या शेजारी बसून दाखवावं लागतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. तसं लागलं की बाळाचे गाल फुगीर राहतात आणि गिळल्याचा आवाज येतो. आईलाही टोचल्यासारखं दुखत नाही. बाळ ओढेल तसं दूध वाढतं. मध्येच बाटली दिली की ओढणं कमी, आणि दूधही कमी. पहिल्या आठवड्यात वजन थोडं घटतंच, घाबरू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसात सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन पुन्हा चढत असेल तर दूध पुरतंय.

मधाबद्दल स्पष्ट सांगते: वर्षाच्या आत एक थेंबही नाही. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात, आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडतं. घरी मध गरम करून ते मरत नाहीत. गुटीची सहाण, ती उगाळायचं पाणी, उगाळणारं बोट, यातलं काहीच निर्जंतुक नसतं. सहा महिने आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही. इंदूरच्या मे महिन्यातही नाही.

या बाबतीत चूक एकट्या घरच्यांची नाही, हे मला मान्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं ४१.८ टक्केच. म्हणजे आमच्या खोल्यांतही तो तास हातचा जातो. बाळ पुसून, वजन करून, गुंडाळून नातेवाइकांच्या हाती फोटोला जातं आणि आई टेबलावर वाट बघत राहते. मेसेजने याबद्दल आम्हाला खडसावलं असतं तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

कावीळ. "सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा, दिवे बिलासाठी असतात." इथे मला ती शेवटची ओळ आठवते. दिव्याच्या उपचाराची सुरुवातच एका नर्सच्या नजरेतून झाली. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफोर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एक दिवस त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. सगळं अंग फिकं झालेलं, फक्त एक तिकोनी भाग गडद पिवळा. त्यावर दुपट्याचं टोक आलं होतं. त्यातून शोध सुरू झाला, आणि १९५८ साली क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्याच्या उपचारावरचा निबंध छापला. निळा प्रकाश कातडीतला पिवळा रंग अशा रूपात बदलतो, की तो यकृताला त्रास न देता शी-शूवाटे बाहेर जातो.

म्हणजे उन्हात गुण आहे, पण किती उजेड मिळाला हे उन्हात मोजता येत नाही. जानेवारीत उघडं बाळ गारठतं, एप्रिलमध्ये भाजतं, आणि त्या धरसोडीत दोन दिवस जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी हलकी कावीळ बऱ्याच बाळांना होते आणि जाते. पण जन्मापासून २४ तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ सुस्त पडून दूध ओढेनासं झालं, तर उन्हाची वाट बघू नका. तो रंग मेंदूत शिरला तर बहिरेपणा येतो, हातपाय आखडतात, आणि ते नंतर भरून येत नाही. उजेडात बाळाच्या छातीवर बोट दाबा आणि उचला. दाबलेली जागा पिवळी दिसली तर दाखवायला न्या.

आता बाळंतीण. मेसेजमध्ये तिच्याबद्दल दोनच ओळी आहेत आणि मला सर्वांत जास्त त्याच लागल्या. पाणी कमी द्या, पोट आवळा, खोली बंद करून शेगडी ठेवा.

पाण्याने पोट सुटत नाही. नऊ महिने ताणलेले स्नायू हळूहळूच जागेवर येतात, आणि गर्भाशय रोज साधारण बोटभर खाली उतरतं. बाळ पिताना ओटीपोटात कळ येते ती त्याचीच खूण. दूध म्हणजे बहुतांश पाणी. पाणी तोडलं की लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, ताप. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. अळिवाची खीर, मेथीचे, डिंकाचे लाडू जरूर द्या, आमच्याकडे मिळतात ते गोंदाचेही द्या. सोबत लोहाची गोळी १८० दिवस रोज द्या, ती लाडवात नसते.

पण पोटपट्टा आवळणारे हात पोटाला लावून बघत नाहीत, हे खरं दुखणं आहे. बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो. बेंबीखाली हात ठेवला तर गर्भाशय क्रिकेटच्या चेंडूसारखं घट्ट लागायला हवं. मऊ लागलं तर ते आकसलेलं नाही, रक्त जातंय. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं तर लगेच ओरडून बोलवा, घरी असाल तर १०८ ला फोन करा.

आणि डोकेदुखी. माझ्या वहिनीला एका नर्सिंग होममधून तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. रक्तदाब वाढलेला होता, हे कोणी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे आले. घरच्यांनी "वारा लागला" म्हणून कानाला फडकं बांधून अंधारात निजवलं. मी ड्यूटीवर होते, मला संध्याकाळी कळलं, तोवर तिला आकडीचा झटका येऊन गेला होता. ती वाचली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत असा झटका येऊ शकतो. जबर डोकेदुखी, अंधुक दिसणं, ताप, अंगावरून घाण वास येणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप, यातल्या कशालाही काढा नाही. दोन आठवड्यांनंतरही ती सतत रडत असेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. तिला "नाटकं" म्हणू नका.

बाकीचं पटकन सांगते. नाक-कानात तेल नको, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. काजळात शिसं असू शकतं, तीट लावायचीच तर तळपायाला लावा. नाळेला हळद, तूप, राख काही नको. कोरडी ठेवा, पंधरवड्याच्या आत आपोआप गळते. बाळाची छाती सुजलेली दिसली तरी पिळू नका, आईच्या संप्रेरकांमुळे होतं ते. पिळल्याने गळू झालेली बाळं मी पाहिलीत. मालिश हलक्या हाताने खुशाल करा.

राहिलं "पूर्वी सगळी जगत होती". माझ्या आजीची नऊ बाळंतपणं झाली, पाच मुलं मोठी झाली. उरलेल्या चौघांची नावं ती शेवटपर्यंत दिवाळीत घ्यायची.

घरच्या बाळंतपणाला मी नावं ठेवत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेच काम २०११ पासून देशभर आशाताई करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बऱ्याच घरांत त्यांना ओट्यावरूनच चहा देऊन "सगळं ठीक आहे" म्हणून परत पाठवतात. भाचीच्या सासूबाईंना मी हेच सहा आकडे वहीत लिहायला सांगितलेत. त्या दिवशी आशाताईंना आत बोलवा, हात धुवायला साबण-पाणी द्या, आणि बाळाचे कपडे काढून त्यांच्या वजनकाट्याच्या झोळीत द्या.