३०० जीबी मोकळे, मिळणार ४०

सी ड्राइव्हवर ३०० जीबी मोकळे. त्यातले २०० काढून डी करायचा, बस. डिस्क मॅनेजमेंट उघडून 'श्रिंक व्हॉल्यूम' दाबलं, तर विंडोज म्हणे फार तर ४० जीबी सोडीन. डिस्क माझी, जागा माझी, आणि उपकार याचे!

मागे काका खुर्ची ओढून बसलेले.

"डिफ्रॅग मार."

"काका, डिफ्रॅग विखुरलेल्या फाइली एकत्र आणतं, पण काही फाइली त्याने हलत नाहीत. पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून ठेवलेली; हायबरनेशनची फाइल, म्हणजे बंद करताना चालू काम जपणारी; आणि रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला मागच्या स्थितीत नेणाऱ्या नोंदी. विंडोज शेवटाकडून कापत येतं आणि यातली पहिली आडवी आली की थांबतं."

"मग काढ त्यांना."

हे चक्क बरोबर होतं. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' (हायबरनेशन बंद), पेजफाइल तात्पुरती बंद, सिस्टिम प्रोटेक्शन बंद (जुने रिस्टोअर पॉइंट जातात, जाऊ देत), रीस्टार्ट. मग पुन्हा 'श्रिंक व्हॉल्यूम'मध्ये आकडा एमबीत टाकायचा, २०० जीबीला २०४८००. काम झालं की सगळं पुन्हा चालू.

"ही १०० एमबीची पार्टिशन काय ठेवलीय? उडव."

"ती ईएफआय, विंडोज सुरू करणाऱ्या फाइली तिच्यात. ती गेली तर विंडोज सुरूच होणार नाही."

"बरं. पण डिस्क १ टीबीची ना? इथे ९३१ दिसतात. ६९ जीबी कुणी खाल्ले?"

"कुणी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या."

"म्हणजे फसवलंच."

यावर काय बोलणार?

"असो. डीवर फोटोंची कॉपी टाक. झाला बॅकअप."

इथे मात्र डोकं फिरतं. सी आणि डी एकाच डिस्कवर, डिस्क गेली की दोन्ही गेले. तरी पिढ्यान् पिढ्या हाच सल्ला. वर उद्या सी भरला तर तो वाढवायचा 'एक्स्टेंड' पर्याय फिकट दिसणार, कारण कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडेच लागते आणि तिथे डी ठाण मांडून बसलेला. मग बाहेरचं टूल घेऊन डीची सुरुवात सरकवा, म्हणजे त्यातला सगळा डेटा हलणार, तासन्‌तास. मध्ये वीज गेली तर संपलंच. म्हणून आधी चार्जर लावायचा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर त्याची 'रिकव्हरी की' दुसरीकडे जपून तो सस्पेंड, म्हणजे तात्पुरता थांबवायचा, आणि खरा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यायचा.

"वेगळी डिस्क आहे?"

"आहे."

"मग तिचेही दोन भाग कर. एकात माझे फोटो टाकू."