चांगला तुकडा आधी कापा

बाबांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट सहा वर्षं माझ्या कपाटात घडी करून ठेवलेला होता. कॉलर विरली म्हणून त्यांनी तो घालायचं सोडलं. पुसायच्या फडक्यांत जाणार होता, तेवढ्यात मी उचलून आणला. कापड फार सुरेख होतं. शेकडो धुण्यांनी मऊ पडलेलं असं सुती कापड नवं विकत मिळत नाही. तेव्हाच ठरवलं की एकदा हात बसला की याची गोधडी करायची.

सहा वर्षांत मी पुष्कळ काही शिवलं. उशांचे अभ्रे, पिशव्या, दोन छोट्या गोधड्या. शर्ट मात्र प्रत्येक वेळी बाहेर काढायचा, उलगडायचा, त्यावर हात फिरवायचा आणि परत ठेवून द्यायचा. अजून नको. पुढच्या वेळी. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो टेबलावर पसरला आणि कात्री चालवली. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते आज सविस्तर लिहिते आहे, कारण घरी गोधड्या शिवणाऱ्या, वह्या बांधणाऱ्या, कोलाज करणाऱ्या माझ्या जवळजवळ प्रत्येक मैत्रिणीच्या कपाटात असा एक कप्पा आहे. त्यात चांगलं कापड असतं, हातकागद असतो, कुणीतरी दिलेली लेस असते. सगळं ‘चांगल्या कामासाठी’ राखून ठेवलेलं. माझं स्पष्ट मत आहे की या राखून ठेवण्यानं जितके छंद बंद पडतात, तितके वेळ नसल्यानं पडत नाहीत.

शर्ट उसवायला बसले तेव्हाची गोष्ट सांगते. खिशाची शिवण एकेक टाका करत सोडवली आणि खिसा निघाला. त्याच्याखाली त्या शर्टाचा मूळ रंग होता. गडद, जवळजवळ शाईसारखा निळा, बरोबर खिशाच्या आकाराचा. भोवतीचं सगळं कापड उन्हानं आणि धुण्यानं फिकट झालेलं आणि मधोमध हा चौकोन. खालच्या कोपऱ्यात पेनाच्या गळतीचा एक लहान डाग होता, तोही आतल्या बाजूनं. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. सहा वर्षं घडी घालून ठेवलेल्या त्या शर्टात हे होतं आणि कापेपर्यंत मला माहीतच नव्हतं.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वापरून जुन्या झालेल्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवत आल्या. मिझूरी पेटवे या त्यांच्यापैकी एक. नवरा गेल्यावर १९४२ मध्ये त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांचीच गोधडी शिवली, त्याच्या आठवणीसाठी आणि पांघरायला. या गोधड्यांमध्ये गुडघ्यावर विटलेले पट्टे दिसतात, खिसा काढलेल्या जागी राहिलेले गडद ठसे दिसतात. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्यांचे फोटो मी वर्षानुवर्षं बघत आले होते. पण तो गडद ठसा म्हणजे नेमकं काय, हे मला माझ्या हातात आल्यावर कळलं.

आता काही जणी म्हणतील, आधी स्वस्त कापडावर हात बसवावा, मग चांगलं घ्यावं. नवशिक्यांना सगळीकडे हेच सांगतात. मला हे पटत नाही. स्वस्त, विरळ विणीचं कापड कापताना सरकतं, तिरकं ताणलं जातं, कडेला धागे सोडतं. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर इस्त्रीची घडी धरतच नाही. नव्यानं शिकणारीला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि दोष असतो कापडाचा. चांगलं सुती कापड बोटांनी दाबलं तरी घडी धरतं. ते शिकवतं.

आणि गोधडीत शिकण्यासारखं पुष्कळ आहे. वरचा तुकडेजोडीचा थर, मधे कापसाचा थर, खाली अस्तर. या तिन्हींना एकत्र धरून ठेवतो तो धावदोरा, आणि तो नेहमी मधून सुरू करून कडेकडे न्यायचा, म्हणजे सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात. तुकडे जोडताना शिवणीबाहेर पाव इंच कापड सोडतात, साधारण ६ मिलिमीटर. त्यात एका मिलिमीटरनं काय बिघडणार, असं मलाही वाटायचं. पण एका रांगेत १२ चौकोन असतील तर ११ शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडच्या तुकड्यांचा एकेक मिलिमीटर जास्त गेला तर रांग २२ मिलिमीटरनं आखूड होते. शेजारची रांग नीट शिवली असेल तर दोन्ही जुळणारच नाहीत. हे गणित मी वाचून शिकले नाही. रांग जमिनीवर मांडली आणि ती कमी पडली, तेव्हा शिकले. नवं कापड आधी धुऊन घ्यायचं हेही तसंच कळलं.

शर्टाची पाठ, पुढचे दोन भाग आणि एक बाही गोधडीत गेली. एक बाही अजून शिल्लक आहे. आणि कफांच्या, पट्टीच्या, कडांच्या चिंध्या उरल्या. इथून मी वह्यांकडे वळते, कारण माझ्या घरात हे छंद एकाच टेबलावर राहतात आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याला लागतं.

कापड आणि कागद ही भावंडंच आहेत. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा कागद रूढ होईपर्यंत युरोपात कागद व्हायचा तो लिननच्या आणि सुताच्या जुन्या चिंध्यांपासून. अंगावरचा कपडा विरला की चिंधी, चिंधीचा लगदा, लगद्याचा कागद आणि त्याचं पुस्तक. उलटा प्रवासही आहे. तुकडेजोडीत कागदाचे साचे कापून त्यावर कापड दुमडून टाचायची एक जुनी पद्धत आहे, षटकोनांची गोधडी आजही अशीच करतात. ब्रिटनमध्ये १७१८ साल घातलेली एक रेशमी तुकडेजोड जपून ठेवलेली आहे आणि तिच्या आत ते कागदी साचे अजून तसेच आहेत. गोधडीच्या पोटात कागद, पुस्तकाच्या अंगावर कापड. मला हे आठवलं की फार बरं वाटतं.

तर कफाच्या कापडामागे पातळ कागद खळीनं चिकटवला, वाळवला, आणि त्याचं वहीला आवरण केलं. आत चार-चार कागद एकात एक दुमडून केलेल्या सहा घड्या. प्रत्येक घडीची १६ पानं, म्हणजे ९६ पानांची वही. दाभणानं भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा आणि घडीमागून घडी साखळीच्या टाक्यानं एकमेकींत अडकवत जायची. या शिवणीला कॉप्टिक म्हणतात, इजिप्तमधल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या पुस्तकांवरून. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं सेंट कथबर्ट गॉस्पेल नावाचं हाताच्या पंजाएवढं पुस्तक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याची शिवण याच जातीची, आणि जवळपास १३०० वर्षांनंतरही मूळ बांधणी शाबूत आहे. याला सुई, दोरा आणि गाठ एवढंच लागतं. शिवाय अशी वही कुठल्याही पानावर सपाट उघडते, लिहायला आणि चिकटवायला सोयीची.

एक गोष्ट मात्र नवीन करणाऱ्यांनी माझ्याकडून आधीच ऐकून ठेवा. कागदालाही कापडासारखी दिशा असते. कारखान्यात कागद होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात. ओल लागली की ते रुंदीत फुगतात, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून तंतूंची दिशा वहीच्या कण्याला समांतर हवी, कागदाची आणि पुठ्ठ्याची दोन्हींची. माझ्या पहिल्या चांगल्या वहीत मी पुठ्ठा आडवा कापला होता. रात्री वजनाखाली ठेवली तेव्हा सरळ होती, दोन दिवसांत तिचं आवरण पन्हाळीसारखं वाकलं आणि ते पुन्हा बसलंच नाही. कागद हातात घेऊन आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, घडी न पाडता हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूनं कमी जोर लागतो, ती घडीची दिशा. दहा सेकंदांचं काम आहे.

आणि चिकटवायला शक्य तिथे गव्हाच्या पिठाची खळच वापरा. वाळायला वेळ घेते, पण चुकलं तर ओलं करून सोडवता येतं. पुस्तकांची डागडुजी करणारे तज्ज्ञही म्हणूनच तिला धरून आहेत. पांढरा गोंद एकदा बसला की बसला.

वही तयार झाली की पुन्हा तेच दुखणं. इतकी सुंदर कोरी वही, हिच्यात काय लिहायचं? मी ओळखते अशी माणसं, ज्यांच्याकडे स्वतः बांधलेल्या दहा-बारा वह्या आहेत आणि एकीतही अक्षर नाही. त्या वह्या मला बंद दारांसारख्या वाटतात. मी यावर एकच उपाय करते. वही वजनाखालून काढली की त्याच दिवशी पहिल्या पानावर जेसो फासायचा. हा पांढरा लेप खडूसारखा खरखरीत वाळतो आणि त्यावर रंग, शाई, पेन्सिल, चिकटवलेला कागद सगळं नीट धरतं. त्यावर उरलेली चिंधी, तिकिटाचा तुकडा, पाकिटाच्या आतली नक्षी, वर पातळ रंगाचा हात. पान चांगलं व्हावं हा हेतूच नसतो. पान कोरं राहू नये, एवढाच असतो. पहिलं पान भरलं की उरलेली ९५ पानं आपोआप बोलावतात.

कुर्ट श्विटर्स हा जर्मन चित्रकार पहिल्या महायुद्धानंतर रस्त्यात, खिशात सापडणारी तिकिटं, वेष्टनं, छापील चिठोरे गोळा करून चित्रं करत होता. पण माझ्या टेबलाच्या वर जिचं नाव मी चिकटवून ठेवलं आहे ती आहे मेरी डिलेनी. इंग्लंडातली ही बाई १७७२ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, टेबलावर पडलेला लाल कागद आणि जिरेनियमच्या पाकळीचा रंग एकसारखा आहे हे बघते आणि कात्री घेऊन तो कागद कापायला लागते. पुढची दहाएक वर्षं, नजर साथ देईपर्यंत, ती रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलं करत राहिली. ९८५ फुलं झाली. काहींमध्ये तिनं खरं पानसुद्धा चिकटवलं आहे. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आयुष्यभर भरतकाम, चित्रकला, शिंपल्यांची सजावट करत आलेला हात होता तो. त्या दिवशी तो लाल कागद तिनं जपून ठेवला नाही, यासाठी मला ती फार जवळची वाटते.

कापा म्हणते आहे, पण एक अपवाद करते. जुने फोटो आणि हाताची पत्रं कापू नका. त्यांची प्रत काढा आणि प्रत वापरा. त्यातही लेझर प्रिंट घ्या, कारण इंकजेटची शाई खळीच्या ओलीनं बहुतेकदा पसरते. शर्टाचं तसं नाही. शर्ट कापला तरी त्याचा तुकडान्‌तुकडा राहतो, फक्त जागा बदलतो.

तो गडद निळा चौकोन मी गोधडीच्या बरोबर मधे बसवला, डागासकट. त्याच्याभोवती फिकट पट्ट्या एकाबाहेर एक. धावदोरा पांढरा घेतला. काही टाके मोठे आले आहेत, पण उसवले नाहीत. काढलेला खिसा वहीच्या शेवटच्या पुठ्ठ्यावर आतून लावला, चिठ्ठ्या ठेवायला.

परवा बाबा आले होते. गोधडी पायांवर घेऊन बसले आणि पेपर वाचता वाचता त्यांचा हात त्या चौकोनावर गेला. बोटानं डाग चाचपला. मग चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाले, “हे पेन गळलं त्या दिवशी तुझा दहावीचा निकाल होता. मी फॉर्म भरत होतो.”

मला हे ठाऊकच नव्हतं. ते गेल्यावर मी वही उघडली, तारीख घातली आणि त्यांचं ते वाक्य लिहून ठेवलं. उरलेली बाही आता टेबलावरच आहे. ती कपाटात परत जाणार नाही.