शेंगांतली सोयरी

उचगावच्या मामांनी सुगी झाल्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं पाठवलं, आई खूश, खरं त्या पोत्यातनं शेंगांबरोबर जी फॅमिली उतरली तिचं काय करायचं ते मामा काय बोलले नाहीत. लांबट, काळपट तपकिरी, सेंटीमीटरभर किडे, रात्री लाईट लावली की फरशीवरनं सुसाट. दिवसा सगळे गायब, पोत्याच्या घडीत नाहीतर भिंतीच्या भेगेत. बारकी पिल्लं तर लालभडक पोटाची.

शेजारच्या काकूंनी नेमकं लालच बघितलं. "अगं बाई, ढेकूण झालेत की गं तुमच्यात!" झालं. संध्याकाळपर्यंत बेळगावातल्या आमच्या शहापूरभर बातमी, आणि रविवारी दादासाठी मुलीकडचे घर बघायला येणार.

मग मी रात्री मोबाईल घेऊन बसले. कीड निघाली इलास्मोलोमस, जमिनीवर राहून बिया शोषणारी. ढेकणाच्या लांबच्या नात्यातली आहे, सोंड दोघांनाही, खरं ही रक्ताला तोंड लावत नाही, पक्की शाकाहारी. शेंगा उपटून रानात वाळत टाकल्या की येते, टरफलातनं सोंड घालून दाण्यातलं तेल ओढते. वरनं शेंग शाबूत, आत दाणा सुरकुतलेला नि चटणी कडू. (चटणीचा आळ आधी माझ्यावर, दाणे भाजताना मोबाईल बघत होतीस म्हणून.)

मला हेवा वाटला तो हिच्या सीमाप्रश्नाचा. आधी ही लायगेइडी कुळात होती, १९९७ मध्ये थॉमस हेन्री नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं एक पेपर लिहिला आणि हिची अख्खी जमात रायपॅरोक्रोमिडी म्हणून वेगळी, ना मोर्चा ना बंद ना काळा दिवस. आमचं १९५६ पासून चाललंय, त्यात २००४ पासून सुप्रीम कोर्ट.

रविवारी पाहुणे टेकले आणि मुलीच्या वडलांच्या चपलेजवळनंच एक पळाला. आईचा चेहरा उतरला. ते खाली वाकले, चष्मा सरकवला, म्हणाले, "ह्यो ढेकूण न्हवं ओ, शेंगातला हाय, आमच्या खळ्यात ढिगानं असतेत. पोतं रिकामं करून गच्चीवर कडक उन्हात टाका, पाखडा, जुनं पोतं परत वापरू नका." मग शेंगांचा दर, पाऊस, मजुरी. दादाचा पगार कुणी विचारलाच नाही.

काकू दारातनं सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन हजर, "थोड्या शेंगा दे की गं." आईनं दिल्या, अगदी तळाच्या.