याला ओवा द्या

मेव्हण्याने घर बदलताना जुन्या सीडींचं खोकं माझ्या गळ्यात मारलं. वर गझला, मध्ये गर्भसंस्कार आणि तळाशी निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडची ‘नेव्हरमाइंड’! तेच निळं पाणी, तेच नागडं बाळ, समोर गळाला लावलेली डॉलरची नोट.

१९९३ साली माझ्याकडे याची कॅसेट होती. घरात चार पाहुणे येतात म्हणून आईने त्या बाळाला बॉलपेनने लंगोट नेसवला होता. बाबांची तक्रार वेगळी. बँडचा गायक कर्ट कोबेनने आवाज लावला की ते पेपर खाली करून म्हणायचे, “पोटात दुखतंय त्याच्या. ओवा द्या.” मी संतापायचो. पुढे कधीतरी वाचलं, त्याला खरोखरच पोटदुखीचा जुना विकार होता. १९९४च्या एप्रिलमध्ये तो गेला, अवघा २७ वर्षांचा. मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे, आईच्या देखत जेवलो नाही. बाबांनी त्या दोन दिवसांत ओव्याचं नाव काढलं नाही.

शब्द कळायची बोंबच होती. पहिल्याच गाण्याच्या ध्रुवपदात डास येतो, तेवढा मात्र मला स्पष्ट ऐकू यायचा. डोंबिवलीत खाडीच्या अंगाला राहणाऱ्याला डास कुठल्याही भाषेत कळतो. त्या गाण्याच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या नावावर मी कॉलेजात एका मुलीला अर्धा तास पिळलं होतं. तरुणाईचा आत्मा, व्यवस्थेविरुद्ध बंड वगैरे. ‘टीन स्पिरिट’ हा अमेरिकेत मुलींसाठी मिळणारा डिओडरंट होता. कर्टच्या अंगाला त्याचा वास येतो, असं एका मैत्रिणीने गमतीत भिंतीवर खरडलं आणि त्यालाही बिचाऱ्याला तो बंडाचा नारा वाटला. फसलो दोघंही. फक्त त्याचा अल्बम जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनला खाली ढकलून अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला, आणि ती मुलगी कॉमर्सच्या एकाबरोबर गेली.

आता सीडी लावायची कशावर? घरात यंत्र नाही. उरली आमची तेरा वर्षांची गाडी. रात्री साडेदहाला “टायरमधली हवा बघून येतो” म्हणून पार्किंगमध्ये जाऊन बसलो, काचा चढवल्या आणि मान हलवायला सुरुवात केली. तिसऱ्या गाण्याला मानेत कळ आली. सातव्या गाण्याला मी आवाज कमी केला. कोणी न सांगता! बटण फिरवणारा तो हात अगदी बाबांचा वाटला. बारावं गाणं जेमतेम कुजबुजतं, मागे चेलो. छान डुलकी लागली.

या सीडीवर बाराव्या गाण्यानंतर दहा मिनिटं शांतता आहे. आणि मग, कव्हरवर कुठे अक्षर नसताना, आणखी एक गाणं. गाणं कसलं, ड्रम्सची आणि गिटारींची हाणामारी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कर्टने त्यात गिटारही फोडली होती. माझ्या कॅसेटवर हा प्रकार नव्हता.

दचकून उठताना कोपर हॉर्नवर पडलं. दुसऱ्या मजल्यावर दिवे लागले. बटण सापडेना, चष्मा पायाखाली. वॉचमन टॉर्च घेऊन धावत आला, बॉनेटला कान लावून त्याने गंभीरपणे ऐकलं. मी काच खाली केली.

“बंद करा साहेब, आधी बंद करा,” तो म्हणाला. “बेल्ट गेला तुमचा.”