म्हैस मेली की मजा असते म्हणे

"मजा आहे यांची, म्हैस मेली तरी सरकार पैसे देतं." ऑक्टोबर 2025 मध्ये अतिवृष्टीसाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा आमच्या घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपवर हा मेसेज पडला. खाली पटापट अंगठे. तिथे वाद घातला की सेक्रेटरी वैतागतात, म्हणून इथे लिहितोय.

आधी मजा केवढी ते बघू. आपत्तीत दगावलेल्या दुभत्या गायी-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळीला 4,000, कोंबडीला 100. आधी एका कुटुंबाला तीनच मोठ्या दुभत्या जनावरांचे पैसे मिळायचे, चौथं मेलं तर तुमचं नशीब. पॅकेजमध्ये ही अट काढली, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण बरी दूध देणारी म्हैस आज लाखाच्या आसपास जाते. आणि चार हजारांत बकरी ईदच्या तोंडावर कुणी बोकडाच्या कानाला हातसुद्धा लावू देणार नाही.

दरावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला खुपतो तो उशीर.

भात बुडालं तर त्याचा पैसा तसाही दिवाळीच्या पुढेमागेच येणार होता. दुधाचं तसं नसतं. सकाळी म्हैस गेली की संध्याकाळचा रतीब बंद. पेंडवाल्याची उधारी मात्र चालूच, म्हशीवर काढलेल्या कर्जाचा हप्ताही चालूच.

मुरबाड तालुक्यातल्या माझ्या मामेभावाची म्हैस वळवाच्या पावसात वीज पडून गेली. शनिवारी संध्याकाळी. तलाठी भाऊसाहेब बिचारे मोटरसायकलवर भिजत आले, पंचनामा झाला. पण शवविच्छेदनाचा दाखला लागतो, आणि डॉक्टरांकडे गावं इतकी की ते उगवले सोमवारी. तोवर करायचं काय? पुरली तर दाखला नाही. उघडी टाकली तर कुत्री. घरच्यांनी वर ताडपत्री टाकून दोन रात्री आळीपाळीने मेलेल्या म्हशीची राखण केली. रविवारी दुपारपर्यंत पोट इतकं फुगलं की ताडपत्रीच्या कडेवर ठेवलेले दगड घसरून पडले. वहिनी म्हणाली, "भाऊजी, जिवंत होती तेव्हा एवढी राखली नव्हती." पुढे आधार बँकेला जोडलेलं नाही, अमुक कागदावर सही नाही, हे सगळं ओघाने आलंच. पैसे खात्यात पडले तेव्हा भातकापणी उरकली होती.

ही म्हैस निदान जागेवर होती. उल्हास किंवा काळूच्या पुरात वाहून गेलेल्या जनावराचं शवविच्छेदन कुठे करायचं?

खोटे दावे होतात, हे मान्य. म्हणूनच तर कानातला टॅग आला ना? 1 जून 2024 पासून तो राज्यात सक्तीचा आहे. टॅग नसेल तर आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मेलेल्या जनावराची भरपाई नाही, असा नियम आहे. त्या 12 आकडी नंबरवर मालक कोण, जनावर कोणतं, सगळी नोंद असते. शेतकऱ्याला नाही म्हणायला हा नंबर चालतो, मग हो म्हणायला का चालू नये? पंचनामा झाला, टॅग जुळला, की आठ दिवसांत निम्मी रक्कम टाका. उरलेली सावकाश, कागद तपासून द्या. माझ्या मते दर पाच हजारांनी वाढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल. दूधवाल्यांपैकी कुणाला हे पटत नसेल तर खाली लिहा, मला खरंच ऐकायचंय.

कोंबड्यांचं गणित आणखी निराळं. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला आणि पंचवीस हजारांच्या आसपास पक्षी मारायचं ठरलं. यात भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच रोगाने मेलेल्यांची नाही. लोकांनी रोग लपवू नये, वेळेत कळवावं, हा त्यामागचा हेतू. हेतू ठीकच आहे, पण पहिला फटका मालकाच्याच माथी.

ठाण्यात राहून गावी जनावरं असणारे इथे बरेच आहेत. या शनिवार-रविवारी गेलात तर गोठ्यात जाऊन प्रत्येकाचा कान बघा. टॅग पडला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून नवा लावून घ्या, आणि टॅगचा नंबर दिसेल असा जनावराचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा. 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबरही घरच्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून या.