गरिबी हे उत्तर पुरेसं नाही
अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळंतिणी जास्त दगावतात त्याचं कारण गरिबी, असं एका लेखात वाचलं. मला ते पटत नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला पैशाचं काय कमी होतं? २०१७ मध्ये सिझेरियननंतर तिला धाप लागली. आधी फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या होत्या, म्हणून तिने स्वतःच नर्सला सांगितलं, सीटी स्कॅन करा, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्या. नर्सला वाटलं, वेदनाशामकामुळे हिचा गोंधळ उडालाय. आधी पायांची सोनोग्राफी झाली. शेवटी स्कॅन केल्यावर फुप्फुसात गुठळ्या निघाल्याच! २०२३ मध्ये अमेरिकेत लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता गेल्या, गोऱ्या १४.५.

मी २२ वर्षं प्रसूतिकक्षात नर्स होते. "सिस्टर, जीव घाबरा होतोय" असं बाई म्हणाली, की बीपीचा पट्टा पुन्हा बांधायचा, मग आधीचं रीडिंग कितीही चांगलं असो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरसुद्धा गडद त्वचेवर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. म्हणजे यंत्र म्हणतं सगळं ठीक, आणि बाई सांगतेय की श्वास पुरत नाही. अशा वेळी तिचं ऐकायला पैसे लागत नाहीत हो.